विश्लेषण : सरकारी वकिलांना आरसा दाखवणारे रॉबर्ट जॅक्सन कोण होते?

आधी माणूस निवडायचा आणि मग त्याच्यासाठी गुन्हा शोधायचा, हा सरकारी वकिलाच्या अधिकारातला सर्वांत मोठा धोका आहे, असा इशारा रॉबर्ट जॅक्सन यांनी १९४० मध्ये दिला. तेव्हा ते अमेरिकेतील सर्व केंद्रीय सरकारी वकिलांचे प्रमुख होते. पुढे न्यूरेंबर्गमध्ये नाझी नेत्यांवर खटला चालवण्याची जबाबदारीही त्यांच्याकडेच आली. आपलाच इशारा त्यांना स्वतःला कितपत पाळता आला?

१ एप्रिल १९४० रोजी काय घडले?

अमेरिकेच्या वेगवेगळ्या भागांतील केंद्रीय सरकारी वकील वॉशिंग्टनमध्ये न्याय खात्याच्या मुख्यालयात परिषदेसाठी जमले होते. जॅक्सन यांना ॲटर्नी जनरल होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. अशा परिषदेत खातेप्रमुख सहसा किती खटले जिंकले याचा हिशेब मांडतो आणि पाठ थोपटतो. जॅक्सन यांनी वेगळाच विषय काढला. समोर बसलेल्या वकिलांच्या हातात किती अधिकार आहेत आणि त्यांचा गैरवापर किती सहज होऊ शकतो, हे त्यांनी त्यांनाच समजावून सांगितले.

त्यांचा युक्तिवाद साधा होता. कायदे इतके वाढले आहेत की प्रत्येक उल्लंघनावर खटला भरणे कोणालाही शक्य नाही. त्यामुळे सरकारी वकिलाला प्रकरणे निवडावी लागतात. पण प्रकरण निवडता येते, म्हणजे आरोपीही निवडता येतो. नावडता माणूस हेरून कायद्याची पुस्तके चाळत बसले, तर कुठले ना कुठले तांत्रिक उल्लंघन सापडतेच. मग गुन्हा नावापुरता उरतो. सत्ताधाऱ्यांना किंवा बहुसंख्यांना तो माणूस खुपतो, हेच खरे कारण ठरते.

यावर नियमावलीचा उपाय मात्र त्यांनी सुचवला नाही. चांगला सरकारी वकील कसा ओळखायचा याची व्याख्या करता येत नाही, शेवटी सगळे त्याच्या न्यायबुद्धीवर आणि संयमावर अवलंबून असते, असे त्यांचे म्हणणे होते.

फेडरल प्रॉसिक्युटर म्हणजे नेमके कोण?

अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतंत्र न्यायव्यवस्था आहे. खून, चोरी, मारामारी यांसारखे बहुतेक गुन्हे राज्याच्या न्यायालयात चालतात. करचुकवेगिरी, हेरगिरी, बाजारातली मक्तेदारी, राज्यांच्या सीमा ओलांडून होणारे गुन्हे यांसाठी केंद्राचे कायदे आणि केंद्राची न्यायालये असतात. तिथे सरकारची बाजू मांडणारा तो फेडरल प्रॉसिक्युटर.

देशाची विभागणी केंद्रीय न्यायालयांच्या जिल्ह्यांत केलेली आहे. सध्या असे ९४ जिल्हे आहेत. तिथल्या मुख्य सरकारी वकिलाला यूएस ॲटर्नी म्हणतात. त्याची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात आणि सिनेट तिला मंजुरी देते. या सर्वांवर ॲटर्नी जनरल असतो. तो राष्ट्राध्यक्षांच्या मंत्रिमंडळाचाही सदस्य असतो.

अधिकारांची खरी मेख इथेच आहे. कोणाची चौकशी पुढे न्यायची, कोणते कलम लावायचे, कोणाशी तडजोड करायची आणि कोणाला सोडून द्यायचे, हे हा वकीलच ठरवतो. गंभीर गुन्ह्यात आरोप ठेवण्यासाठी ग्रँड ज्युरीची, म्हणजे १६ ते २३ सामान्य नागरिकांच्या गटाची मान्यता लागते. पण त्या गटासमोर पुरावा सरकारी वकीलच मांडतो आणि तिथे न्यायाधीश नसतो. पुढे आरोपी निर्दोष सुटला तरी तोवर त्याचा पैसा, नोकरी आणि अब्रू पणाला लागलेली असते.

कायद्याची पदवी नसलेला वकील वॉशिंग्टनला कसा पोहोचला?

जॅक्सन यांचा जन्म १३ फेब्रुवारी १८९२ रोजी पेनसिल्व्हेनियातील स्प्रिंग क्रीक या ग्रामीण भागात झाला. बालपण न्यूयॉर्क राज्यातील फ्रूझबर्ग या छोट्या गावात गेले. शाळा संपल्यावर ते महाविद्यालयात गेलेच नाहीत. जवळच्या जेम्सटाऊन शहरात एका नातेवाईक वकिलाच्या कार्यालयात ते उमेदवारी करू लागले. मधले एक वर्ष त्यांनी ऑल्बनीच्या विधी महाविद्यालयात काढले, पण पदवी घेतली नाही. १९१३ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी त्यांना वकिलीची सनद मिळाली.

पुढची सुमारे वीस वर्षे त्यांनी जेम्सटाऊनमध्येच वकिली केली. शेतकरी, दुकानदार, बँका, कारखाने असे सगळ्या प्रकारचे अशील त्यांच्याकडे येत. ज्युरीसमोर सोप्या भाषेत बोलण्याची सवय त्यांना तिथेच लागली. त्यांची निकालपत्रे आजही वकिलीबाहेरच्या माणसालाही समजतात, त्यामागे ही वर्षे आहेत.

उमेदवारीच्या काळातच त्यांची ओळख न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटमधील एका तरुण सदस्याशी झाली होती. त्यांचे नाव फ्रँकलिन रुझवेल्ट. रुझवेल्ट १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी जॅक्सन यांना वॉशिंग्टनला बोलावणे आले. केंद्रीय महसूल खात्याचे मुख्य वकील, ही त्यांची पहिली जबाबदारी.

मेलन प्रकरण काय होते?

या पदावर येताच त्यांच्याकडे एक स्फोटक प्रकरण आले. पिट्सबर्गचे बँकर अँड्र्यू मेलन हे अमेरिकेतील सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक होते. १९२१ ते १९३२ या काळात ते देशाचे अर्थमंत्रीही होते. रुझवेल्ट यांच्या पक्षाच्या दृष्टीने महामंदीला जबाबदार असलेल्या धनिकशाहीचा ते चेहरा होते.

मेलन यांनी १९३१ च्या विवरणपत्रात कर चुकवला, असा सरकारचा दावा होता. फौजदारी आरोप ठेवण्याचा प्रयत्न आधी झाला, पण १९३४ मध्ये पिट्सबर्गच्या ग्रँड ज्युरीने तो फेटाळला. मग कर अपील मंडळासमोर दिवाणी दावा उभा राहिला. त्यात सरकारची बाजू जॅक्सन यांनी लढवली. थकीत कर आणि दंड मिळून ३० लाख डॉलरहून अधिक रकमेची मागणी होती.

सुनावणीत एक गोष्ट पुढे आली. नुकसान दाखवण्यासाठी शेअर विकायचे आणि काही काळाने ते घरच्याच कंपन्यांमार्फत परत घ्यायचे, असे मार्ग श्रीमंत मंडळी वापरत होती. जॅक्सन यांनी हे व्यवहार बारकाईने उलगडले. पण मंडळाचा निकाल १९३७ च्या डिसेंबरमध्ये आला तेव्हा मेलन हयात नव्हते. त्यांच्याकडून आणखी कर येणे होता, मात्र त्यांनी फसवणूक केली नव्हती, असे मंडळाने म्हटले.

मेलन यांच्या समर्थकांनी या प्रकरणाला राजकीय सूड म्हटले. त्या आरोपात तथ्य किती, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. एक मात्र खरे, माणूस आधी आणि गुन्हा नंतर हा आक्षेप जॅक्सन यांनी इतरांना ऐकवण्याच्या कितीतरी आधी त्यांच्याच अंगावर आला होता. १९४० चे भाषण करणाऱ्या माणसाला हा धोका पुस्तकातून कळलेला नव्हता.

पुढे ते न्याय खात्यात कर विभागाचे आणि नंतर मक्तेदारीविरोधी विभागाचे प्रमुख झाले. १९३८ मध्ये सॉलिसिटर जनरल झाल्यावर सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू ते मांडू लागले. न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांना त्यांचे काम इतके आवडले, की जॅक्सन यांनी आयुष्यभर याच पदावर राहावे असे ते म्हणत. जानेवारी १९४० मध्ये ते ॲटर्नी जनरल झाले.

सत्ता हाती आल्यावर त्यांनी काय केले?

पद स्वीकारल्यानंतर काही आठवड्यांतच कसोटी लागली. स्पेनमधील यादवी युद्धात फ्रँकोच्या विरोधात लढण्यासाठी अमेरिकेतून स्वयंसेवक पाठवल्याच्या आरोपावरून फेब्रुवारी १९४० मध्ये एफबीआयने डेट्रॉइटमध्ये पहाटे काही डाव्या कार्यकर्त्यांना पकडले. स्पेनमधले युद्ध तर १९३९ मध्येच संपले होते. जुन्या घटनेवर आता खटला कशासाठी, असा प्रश्न उठला. जॅक्सन यांनी हे आरोप मागे घ्यायला लावले. एप्रिलमधल्या भाषणाला ही ताजी पार्श्वभूमी होती.

फोनवरील चोरट्या संभाषण-नोंदीच्या प्रश्नावर मात्र त्यांची भूमिका डगमगली. मार्च १९४० मध्ये त्यांनी एफबीआयला फोन टॅपिंग थांबवण्याचा आदेश दिला. पण युरोपात हिटलरच्या फौजा वेगाने पुढे सरकत होत्या. २१ मे रोजी राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी गोपनीय टिपण पाठवून हेरगिरीचा संशय असलेल्यांच्या बाबतीत टॅपिंगला मुभा दिली. प्रत्येक प्रकरण ॲटर्नी जनरलने तपासून मंजूर करावे, अशी अट त्यात होती.

जॅक्सन यांना हे आवडले नव्हते. तरी त्यांनी राजीनामा दिला नाही की जाहीर विरोधही केला नाही. त्यांनी तपशील एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांच्यावर सोपवला आणि आपल्या कार्यालयात त्याच्या सविस्तर नोंदीही ठेवल्या नाहीत. ज्या कामाची लाज वाटते त्याकडे पाहायचेच नाही, असा हा मार्ग होता. त्या टिपणातून उघडलेली वाट पुढे रुंदावत गेली. १९६० च्या दशकात मार्टिन ल्युथर किंग यांचे फोनही एफबीआय ऐकत होती.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक मोठा कायदेशीर सल्ला दिला. ब्रिटनला ५० जुन्या विनाशिका देऊन त्या बदल्यात नाविक तळ घेण्याचा करार राष्ट्राध्यक्ष काँग्रेसच्या मंजुरीशिवाय करू शकतात, असे मत त्यांनी लेखी दिले. ब्रिटन तेव्हा एकाकी लढत होते, त्यामुळे हा सल्ला राजकीयदृष्ट्या निर्णायक ठरला. राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारांचा इतका सैल अर्थ लावणारे जॅक्सन पुढे न्यायमूर्ती म्हणून याच अधिकारांना लगाम घालणार होते.

न्यायमूर्ती झाल्यावर भूमिका बदलली का?

जुलै १९४१ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. कायद्याची पदवी नसताना त्या न्यायालयावर नेमले गेलेले ते शेवटचे न्यायमूर्ती ठरले. सरकारच्या बाजूने बोलणारा वकील आता सरकारला प्रश्न विचारण्याच्या जागी आला.

१९४३ चे बार्नेट प्रकरण त्यांचे सर्वांत गाजलेले निकालपत्र मानले जाते. वेस्ट व्हर्जिनियातील शाळांत राष्ट्रध्वजाला वंदन सक्तीचे होते. जेहोवाज् विटनेसेस या पंथाची मुले धार्मिक श्रद्धेमुळे वंदन करत नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढले जाई. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाने अशी सक्ती वैध ठरवली होती. देश युद्धात असताना, राष्ट्रभक्तीचा ज्वर चढलेला असताना, न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी आपलाच निकाल फिरवला. बहुमताचे निकालपत्र जॅक्सन यांनी लिहिले. मूलभूत हक्क मतदानाने ठरत नाहीत आणि सरकार कोणाच्याही तोंडून श्रद्धा वदवून घेऊ शकत नाही, हा त्याचा गाभा होता.

भारतातही असाच प्रश्न १९८६ मध्ये उभा राहिला. केरळमधील याच पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढले होते. बिजो इमॅन्युएल प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यात अमेरिकेतील या ध्वजवंदन खटल्यांची चर्चा केली.

जपानी वंशाच्या नागरिकांच्या बाबतीत मात्र जॅक्सन उशिरा जागे झाले. पर्ल हार्बरनंतर अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरे सोडायला लावून छावण्यांत ठेवले. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. १९४३ मध्ये त्यांच्यावरील संचारबंदी न्यायालयाने एकमताने वैध ठरवली आणि त्या एकमतात जॅक्सनही होते. १९४४ मध्ये फ्रेड कोरेमात्सू यांचे प्रकरण आले, तेव्हा त्यांनी बहुमताच्या विरोधात मत दिले.

कोरेमात्सू यांचा गुन्हा काय, तर ते ज्या भागात जन्मले आणि राहत होते तिथेच थांबले. शेजारी जर्मन किंवा इटालियन वंशाचा माणूस थांबला असता तर तो गुन्हा ठरला नसता. म्हणजे शिक्षा कृत्याला नव्हे, जन्माला होती. लष्करी आदेश आज ना उद्या मागे घेतला जाईल, पण न्यायालयाने त्यावर शिक्का मारला की ते तत्त्व कायमचे उरते आणि पुढचा सत्ताधीश ते वापरू शकतो, हा त्यांचा मुद्दा होता. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कोरेमात्सू निकाल चुकीचा असल्याचे जाहीरपणे सांगितले, तेव्हा जॅक्सन यांच्या याच मताचा आधार घेतला.

न्यूरेंबर्गला ते का गेले?

१२ एप्रिल १९४५ रोजी रुझवेल्ट यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी जॅक्सन यांनी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकांसमोर एक भाषण केले. पकडलेल्या शत्रूला निर्दोष सोडण्याची तयारी नसेल तर न्यायालयाचे नाटक करू नये, असे त्यांनी बजावले. काही आठवड्यांतच नवे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी नाझी नेत्यांवरील खटल्यासाठी अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता म्हणून त्यांची नेमणूक केली.

नाझी नेत्यांवर खटला चालवायचाच, हे तेव्हा सर्वांना मान्य नव्हते. ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांचा कल प्रमुख नेत्यांना सरळ गोळ्या घालण्याकडे होता. सोव्हिएत प्रतिनिधींना खटला हवा होता, पण त्यांच्या लेखी दोष आधीच ठरलेला होता आणि फक्त शिक्षा ठरवायची होती. लंडनमध्ये उन्हाळाभर चाललेल्या वाटाघाटींत आरोपींना वकील, पुरावा पाहण्याचा आणि साक्षीदार बोलावण्याचा हक्क मिळावा यासाठी जॅक्सन यांनी जोर लावला. ८ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी करारावर सह्या केल्या.

२० नोव्हेंबर १९४५ रोजी खटला सुरू झाला. दुसऱ्या दिवशी जॅक्सन यांनी प्रारंभीचे भाषण केले. जिंकलेल्या राष्ट्रांनी सूड बाजूला ठेवून शत्रूला कायद्यासमोर उभे केले, ही सत्तेने विवेकाला दिलेली मानवंदना आहे, असा त्याचा सूर होता. न्यायालयात एकाच वेळी चार भाषांत अनुवाद ऐकू येण्याची सोय होती. एवढ्या मोठ्या प्रमाणावर ती प्रथमच वापरली जात होती.

जॅक्सन यांचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय पुराव्याबद्दलचा होता. साक्षीदार फुटू शकतो, त्याच्यावर सूडाचा आरोप होऊ शकतो. म्हणून त्यांनी नाझींच्याच कागदपत्रांवर भर दिला. आदेश, इतिवृत्ते, याद्या, अहवाल. शिस्तीने नोंदी ठेवण्याची सवय नाझी राजवटीच्या अंगाशी आली. दिवसचे दिवस कागद वाचले जात तेव्हा पत्रकार कंटाळत. पण त्या हत्याकांडाबद्दल आज इतके निःसंदिग्धपणे बोलता येते, त्यात या कागदांचा मोठा वाटा आहे.

तिथे त्यांचे काय चुकले?

इथेही त्यांचा जुना इशारा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. आरोपींच्या यादीत पोलाद आणि शस्त्र उद्योगातले गुस्ताव क्रुप होते. ते इतके वृद्ध आणि आजारी होते की खटला समजण्याच्या स्थितीत नव्हते. तेव्हा त्यांच्या जागी मुलगा आल्फ्रीड याला उभे करावे, अशी मागणी जॅक्सन यांनी केली. बाप नाही तर मुलगा! ब्रिटिश अभियोक्त्यांनी याला साथ दिली नाही आणि न्यायाधीशांनी मागणी फेटाळली. आरोपीची खुर्ची रिकामी राहिली म्हणून ती भरायची, ही खटल्याची रीत नव्हे. आल्फ्रीडवर पुढे स्वतंत्र खटला चालला आणि त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली, पण १९५१ मध्येच त्याची सुटका झाली.

मार्च १९४६ मध्ये हर्मन गोरिंग यांची उलटतपासणीही फसली. गोरिंग हे आरोपींमधले सर्वांत वरिष्ठ आणि हजरजबाबी. न्यायाधीशांनी त्यांना लांबलचक उत्तरे देण्याची मुभा दिली. एका दस्तऐवजावरून जॅक्सन यांनी त्यांना कोंडीत पकडण्याचा प्रयत्न केला. ऱ्हाईनलँड हा प्रदेश ताब्यात घेण्याची ती योजना आहे, असा त्यांचा दावा होता. प्रत्यक्षात तो उल्लेख ऱ्हाईन नदीचे पात्र वाहतुकीसाठी मोकळे करण्याबद्दलचा होता. गोरिंग यांनी अनुवादातली चूक भर न्यायालयात दाखवून दिली. जॅक्सन संतापले आणि त्यांनी न्यायाधीशांकडेच तक्रार केली. त्यानंतर ब्रिटिश वकील डेव्हिड मॅक्सवेल फाइफ यांनी पळून गेलेल्या युद्धकैद्यांच्या हत्येवरून नेमके प्रश्न विचारत गोरिंग यांना अडचणीत आणले.

१ ऑक्टोबर १९४६ रोजी निकाल पूर्ण झाला. २२ आरोपींपैकी १२ जणांना फाशी, तिघांना जन्मठेप, चौघांना मुदतीची कैद झाली. तिघे निर्दोष सुटले. गोरिंग यांनी फाशीच्या काही तास आधी विष घेतले. तिघांची सुटका हा अभियोक्ता म्हणून जॅक्सन यांचा पराभव होता. पण निर्दोष सोडण्याची तयारी नसेल तर खटला चालवू नका, हे सांगणाऱ्या माणसासाठी हाच या न्यायालयाचा सर्वांत भक्कम पुरावाही होता.

हा जेत्यांचा न्याय होता का?

हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आहे. आक्रमक युद्ध पुकारणे हा वैयक्तिक गुन्हा ठरवणारा नियम घटना घडून गेल्यावर लावला गेला. न्यायाधीश फक्त जिंकलेल्या देशांचे होते. सोव्हिएत संघाने १९३९ मध्ये स्वतः पोलंडवर चाल केली होती. कातिनच्या जंगलातील पोलिश अधिकाऱ्यांच्या हत्येचा आरोप सोव्हिएत अभियोक्त्यांनी जर्मनांवर ठेवला. निकालपत्र त्यावर गप्प राहिले. ती हत्या आपल्याच यंत्रणेने केल्याची कबुली मॉस्कोने १९९० मध्ये दिली.

खुद्द जॅक्सन यांच्या न्यायालयाचे सरन्यायाधीश हार्लन स्टोन यांना हा खटला नापसंत होता. एका न्यायमूर्तीने वर्षभर खुर्ची रिकामी ठेवून अभियोक्ता व्हावे, हेही त्यांना रुचले नव्हते. टोकियोत जपानी नेत्यांवर चाललेल्या अशाच खटल्यात भारताचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे स्वतंत्र मत दिले, त्यामागेही हाच प्रश्न होता.

अखेरची वर्षे कशी गेली?

न्यूरेंबर्गच्या गैरहजेरीची किंमत जॅक्सन यांनी मोजली. एप्रिल १९४६ मध्ये स्टोन यांचे निधन झाले. सरन्यायाधीशपदासाठी जॅक्सन यांचे नाव चर्चेत होते, पण ट्रुमन यांनी फ्रेड व्हिन्सन यांची निवड केली. सहकारी न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी आपली वाट अडवली, असा जॅक्सन यांचा समज झाला. जून १९४६ मध्ये त्यांनी न्यूरेंबर्गहूनच निवेदन काढून न्यायालयातील अंतर्गत वाद चव्हाट्यावर मांडला. इतरांना संयमाचे धडे देणाऱ्या जॅक्सन यांचा हा मोठा तोल गेलेला क्षण होता आणि त्यात त्यांचीच प्रतिष्ठा घटली.

१९५२ मध्ये त्यांनी एक वेगळे धैर्य दाखवले. कोरियन युद्धाच्या काळात संप टाळण्यासाठी ट्रुमन यांनी देशातील पोलाद कारखाने ताब्यात घेतले. न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी हा आदेश रद्द केला. सरकारच्या बाजूने जॅक्सन यांचीच ॲटर्नी जनरल असतानाची मते पुढे केली गेली. सरकारचा वकील म्हणून केलेला युक्तिवाद न्यायमूर्ती म्हणून आपल्याला बांधून ठेवत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. काँग्रेसची संमती असताना राष्ट्राध्यक्षांचा अधिकार सर्वांत मोठा, काँग्रेस गप्प असताना संदिग्ध आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध सर्वांत कमी, अशी त्रिस्तरीय चौकट त्यांनी मांडली. अमेरिकेची न्यायालये आजही ती वापरतात.

मार्च १९५४ च्या अखेरीस त्यांना हृदयविकाराचा झटका आला. १७ मे रोजी शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन निकाल जाहीर होणार होता. एकमत सर्वांना दिसावे म्हणून ते रुग्णालयातून थेट न्यायालयात येऊन बसले. ९ ऑक्टोबर १९५४ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. लहानपणीच्या फ्रूझबर्ग गावातच त्यांना दफन करण्यात आले.

त्यांचे १९४० चे भाषण आज का आठवले जाते?

जॅक्सन यांच्या इशाऱ्याचा आधार अमेरिकेत सगळेच घेतात. १९८८ मध्ये स्वतंत्र अभियोक्ता नेमण्याच्या कायद्यावरील खटल्यात न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी आपल्या असहमतीच्या निकालपत्रात या भाषणाचा मोठा भाग उद्धृत केला. एकाच माणसाच्या मागे लागण्यासाठी यंत्रणा उभी केली की ती काही ना काही शोधूनच काढते, हा त्यांचा मुद्दा होता. सत्तेत कोणताही पक्ष असो, विरोधी बाजूवर कारवाई झाली की हे भाषण पुन्हा वाचले जाते.

भारतात तपास यंत्रणा आणि सरकारी वकील यांची रचना वेगळी आहे. तरी कारवाईसाठी नावे कशी निवडली जातात, हा प्रश्न इथल्या वाचकालाही परका नाही.

जॅक्सन यांची कारकीर्द पाहिली तर त्यांच्या इशाऱ्याचे वजन आणखी कळते. डेट्रॉइटमध्ये ते हात आवरते घेऊ शकले. मेलन प्रकरणात त्यांच्यावर शंका घेतली गेली. फोन टॅपिंगकडे त्यांनी काणाडोळा केला आणि क्रुपच्या बाबतीत न्यायाधीशांनी त्यांना अडवले. धोका इतका नीट ओळखणारा माणूसही दर वेळी स्वतःच्या न्यायबुद्धीवर तरला नाही. ग्रँड ज्युरीने नकार दिला, मंडळाने फसवणुकीचा आरोप फेटाळला, न्यायाधीशांनी मागणी नाकारली, तेव्हाच मर्यादा पाळली गेली. सरकारी वकील सज्जन असावा, असे जॅक्सन यांनी सांगितले. त्याला नाही म्हणू शकणारे कोणीतरी समोर असावे लागते, हे त्यांच्या आयुष्यातून दिसते.